लंडन, अकरा जज आणि बाबांचा एक प्रश्न

अठरा दिवसांत विंडसर, ग्रीनिच, बाथ सगळं बघून झालं, फोटो पण ढिगानी आहेत, पण मला लिहायचंय ते 24 सप्टेंबर 2019 च्या सकाळबद्दलच, तिथल्या सुप्रीम कोर्टानी संसद बंद ठेवण्यावर निकाल दिला त्या.

मी नागपूरची. बाबा पाटबंधारे खात्यात होते, त्यामुळे आमच्या घरी डिसेंबर म्हणजे अधिवेशन. एलएक्यूची, म्हणजे आमदारांनी विधानसभेत विचारलेल्या प्रश्नांची, उत्तरं तयार करून रात्री बारा-बारा वाजता लुनावर घरी यायचे, कानाला मफलर, आणि आई परत भात गरम करायची. म्हणून लंडनला गेल्यावर तिथल्या पार्लमेंटच्या गॅलरीत बसायचं हे माझं कधीचं ठरलेलं, पैसेही लागत नाहीत, नुसती तपासणी. 12 तारखेला गेटवर गेले तर तिथला माणूस म्हणाला, सभागृह बंद आहे, आता 14 ऑक्टोबरला. माझं परतीचं तिकीट 28 सप्टेंबरचं! इतकी निराश झाले, आणि रागही आला खूप.

झालं असं होतं की माझं विमान उतरायच्या काही तास आधीच, मध्यरात्रीनंतर, संसद प्रोरोग केली होती, म्हणजे आपल्याकडे सत्रसमाप्ती म्हणतात ती. खासदार हातात निषेधाचे कागद घेऊन उभे होते म्हणे. आता सत्रसमाप्ती आपल्याकडेही होते, राज्यपालांचा आदेश निघतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, शिवाय सत्र संपलं म्हणून आपल्याकडे बिलं मरत नाहीत. तिकडे मात्र अर्धवट राहिलेली बिलं साधारण संपतातच. आणि नव्या सत्राच्या तयारीला एरवी चार ते सहा दिवस पुरतात तिथे पंतप्रधान जॉन्सननी राणीला पाच आठवड्यांचा सल्ला दिला, ब्रेक्झिटची, म्हणजे ब्रिटननी युरोपियन युनियनमधून बाहेर पडायची, तारीख 31 ऑक्टोबर तोंडावर आलेली असताना. ही नुसती सुट्टी नव्हती, प्रश्न विचारणाऱ्यांनाच बाहेर ठेवणं होतं, माझं तरी तेव्हाही हेच मत होतं आणि आजही आहे.

हा सल्ला कायदेशीर होता का, हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं, तर 24 ला त्याचा निकाल. सुप्रीम कोर्ट पार्लमेंटच्या बरोबर समोर, मधे फक्त चौक. पाऊस, छत्र्या, कॅमेरे, बिग बेनला सगळीकडून परांची बांधलेली. आत जायला मिळणं शक्यच नव्हतं म्हणून मी आणि भाची बाहेरच उभ्या, मोबाईलवर लाईव्ह लावलेलं, एक इअरफोन तिच्या कानात आणि एक माझ्या. स्क्रीनवर कोर्टाच्या तेव्हाच्या अध्यक्ष लेडी हेल, काळा ड्रेस, खांद्याजवळ हा एवढा मोठा कोळ्याचा ब्रोच. आवाज एकदम शांत, घाई नाही, चढउतार नाही. सल्ला बेकायदा. म्हणून राणीचा आदेशही रद्द, जणू त्या रात्री सभागृहात कोरा कागदच नेला होता. म्हणून संसद प्रोरोग झालेलीच नाही. आणि हे अकराच्या अकरा न्यायाधीशांचं एकमत. भाचीनी माझा हात गच्च धरला, शेजारची एक म्हातारी बाई रडत होती, आणि खरं सांगते माझ्याही डोळ्यात पाणी आलं, माझा देश नाही, माझं सरकार नाही तरी.

तिथेच चौकात गांधीजींचा पुतळा आहे, त्याच्याजवळ उभी राहून बाबांना फोन लावला. नागपुरात दुपारचे साडेतीन. "काय होऊन राहिलं गं तिकडे?" सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प, मग म्हणाले, "अन् त्या रात्री एखाद्या बिलाला राणीची मंजुरी दिली असंल, तर त्याचं काय?" मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं, सव्वादोन तास रांगेत उभी राहून मी एकदाची गॅलरीत बसले, काचेपलीकडे हिरवी बाकं आणि नुसता आरडाओरडा. स्पीकरनी आधीच जाहीर केलं होतं की नोंदवहीतली 9 तारखेची प्रोरोगेशनची नोंद काढून टाकायची आणि सभागृह तहकूब झालं एवढंच लिहायचं.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर घरी आल्यावर सापडलं. त्या रात्री खरंच एका बिलाला मंजुरी दिली होती, त्याच संसदेच्या इमारतीच्या दुरुस्तीचं बिल, आणि निकालामुळे ती मंजुरीही गेली. 8 ऑक्टोबरला ती पुन्हा नव्याने द्यावी लागली. बाबांना वाचून दाखवलं तर त्यांनी चष्मा लावला, तारीख परत एकदा विचारली आणि डायरीत लिहून ठेवली.