एनक्लेक्सचे अभ्याससाहित्य निवडताना : माझा अनुभव

अमेरिकेत परिचारिका म्हणून काम करण्यासाठी द्यावी लागणारी एनक्लेक्स-आरएन परीक्षा मी उत्तीर्ण झाले, तरीही पुण्यातल्या एका क्लासच्या कार्यालयाने अभ्याससाहित्याच्या बाबतीत मला जे झुलवले, त्याचा राग अजून गेलेला नाही. कागदपत्रांची पडताळणी आणि परीक्षा केंद्राची नोंदणी ही कामे रीतसर पार पडली. घोडे अडले ते एका साध्या प्रश्नावर : तुमच्या नोट्स एप्रिल २०२३ नंतरच्या आहेत का?

त्या महिन्याच्या १ तारखेपासून परीक्षेचे स्वरूप बदलले. पूर्वी ‘लागू असतील ते सर्व पर्याय निवडा’ या प्रकारात एक पर्याय चुकला तरी सगळे गुण जात. आता अंशतः गुण मिळतात. शिवाय प्रत्येक उमेदवाराला किमान तीन केस स्टडी सोडवाव्या लागतात आणि त्या प्रत्येकीत एकाच रुग्णाच्या नोंदी, तपासण्यांचे अहवाल व औषधांच्या ऑर्डर्स वाचून ओळीने सहा प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. हे ज्या साहित्यात नाही, त्यावर रात्रपाळीनंतरची झोप खर्च करणे म्हणजे स्वतःवर अन्याय आहे.

कार्यालयाने नावनोंदणीची रक्कम मात्र तत्परतेने घेतली होती. त्यानंतर मी विचारले की कधी ‘सर आल्यावर सांगतो’, तर कधी ‘सिस्टर, पेपर तोच असतो, उरलेली फी भरा, मटेरियल लगेच देतो’ असे उत्तर मिळे. ड्युटी संपवून जावे आणि बाकावर बसून परत यावे, असे बरेच दिवस चालले. अखेर मी नमुना पाहिल्याशिवाय हलणार नाही असे सांगितले, तेव्हा झेरॉक्सचा स्पायरल बांधलेला एक गठ्ठा समोर आला. त्यात केस स्टडी एकही नव्हती. एक प्रश्न मला अजून आठवतो : रुग्णाचे पोटॅशियम ३.० आहे, नाडी ७२ आहे आणि डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या डोसची वेळ झाली आहे, तर परिचारिकेने काय करावे? खाली फक्त ‘उत्तर : ३’ एवढेच छापलेले होते. पोटॅशियम घटले की डिगॉक्सिनच्या विषबाधेचा धोका वाढतो, त्यामुळे नाडी साठच्या वर, म्हणजे एरवी डोस देण्याजोगी असली तरी डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचे, हे स्पष्टीकरण कुठेही नव्हते. बरोबर पर्याय का बरोबर आणि उरलेले का चूक, हे न सांगणारा प्रश्नसंच कितीही जाड असला तरी निरुपयोगी आहे, असे माझे ठाम मत आहे. मी उरलेली फी भरली नाही. नावनोंदणीची रक्कम अद्याप परत मिळालेली नाही.

पुढे मी परीक्षा घेणाऱ्या एनसीएसबीएन या संस्थेच्या संकेतस्थळावरचा परीक्षेचा आराखडा उतरवून घेतला. तो विनामूल्य आहे आणि दर तीन वर्षांनी सुधारला जातो, म्हणून पैसे देण्याआधी प्रत्येकाने तो वाचावाच. त्यावरून एक संदर्भग्रंथ आणि सविस्तर स्पष्टीकरणे देणारी एक ऑनलाइन प्रश्नपेढी, एवढेच साहित्य मी ठेवले. २०२३ च्या आराखड्यात सर्वाधिक वाटा, म्हणजे १५ ते २१ टक्के, रुग्णसेवेच्या व्यवस्थापनाला आहे, आणि आपल्याकडच्या परिचारिकांना नेमका तोच भाग जड जातो. वॉर्डात मावशींना काय सांगायचे हे आपण सवयीने ठरवतो. तिथे मात्र रुग्णाचे मूल्यमापन आणि त्याला द्यायचे शिक्षण साहाय्यकाकडे सोपवता येत नाही, हा नियम पक्का लागतो. औषधांची अमेरिकी नावेही साहित्यात असावीत : पॅरासिटामॉलऐवजी अॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉलऐवजी अल्ब्युटेरॉल.

प्रश्नपेढीचे सदस्यत्व मात्र घाईने सुरू करू नये, कारण त्याची मुदत सुरू केल्या दिवसापासून मोजली जाते. परीक्षेचे परवानगीपत्र हाती आल्यावर, रजेच्या तारखा पाहूनच ते घ्यावे.