बिलं भरायला कोणतं अ‍ॅप ठेवायचं, मी कसं ठरवलं

घरातली सगळी बिलं माझ्याच गळ्यात आहेत, लाइट, गॅस, ब्रॉडबँड, वर आईबाबांचे मोबाइल, आणि कुठलं कशावरून भरलं हेच लक्षात राहत नव्हतं. म्हणून फोनमधली सगळी अ‍ॅप्स आणि बँकेचं अ‍ॅप एकदा नीट तपासायचं ठरवलं.

तर पहिलं म्हणजे आतून सगळं एकच आहे. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयची भारत बिल पेमेंट सिस्टिम, जिला आता भारत कनेक्ट म्हणतात, बहुतेक बिलं तिच्यातूनच जातात. महावितरणचा १२ आकडी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट कुठेही टाका, तेच नाव, तीच रक्कम. त्यामुळे "आमच्याकडे झटपट" वगैरे जाहिरातींवर जाऊ नका.

फरक पडतो तो शेवटच्या स्क्रीनवर. एका अ‍ॅपने साध्या यूपीआयलाही प्लॅटफॉर्म फी लावली, तीही बारीक अक्षरात, क्रेडिट कार्ड निवडलं की अजून वाढली. माझ्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये काहीच नाही. कॅशबॅकचं म्हणाल तर स्क्रॅच कार्डातून कुठल्यातरी दाढीच्या तेलाचं कूपन निघालं, असो.

खरी परीक्षा पैसे अडकल्यावर. गॅसचं बिल भरलं, खात्यातून पैसे गेले आणि अ‍ॅपमध्ये "प्रोसेसिंग". चॅटबॉट तेच तेच तीन पर्याय फिरवून दाखवत बसला. शेवटी पावतीवरचा भारत कनेक्टचा ट्रान्झॅक्शन आयडी शोधला, तो टाकून तक्रार नोंदवली तेव्हा कुठे हललं. भारत कनेक्टच्या वेबसाइटवरही तक्रार करता येते, आयडी हाताशी पाहिजे. तेव्हापासून पावती पटकन सापडते का आणि तिच्यावरूनच तक्रार करता येते का, हे मी कॅशबॅकच्या आधी बघते.

ऑटोपे, म्हणजे बिलाचे पैसे आपोआप कापले जाणं, मी फक्त ब्रॉडबँडला लावलंय, कारण रक्कम ठरलेली. पैसे कापायच्या निदान २४ तास आधी मेसेज येतो आणि १५,००० च्या वर असेल तर ओटीपी किंवा यूपीआय पिन लागतो, हा रिझर्व्ह बँकेचा नियम, पण मॅन्डेटची, म्हणजे पैसे कापायला आपण दिलेल्या परवानगीची, कमाल रक्कम आपण टाकायची की अ‍ॅपच भलीमोठी टाकून ठेवतं ते सेट करतानाच बघा. लाइट बिलाला ऑटोपे नको वाटलं, कधी मीटर रीडिंग न घेता सरासरीने बिल येतं, ते न बघताच कापलं गेलं तर मग पुढच्या बिलात दुरुस्ती होईपर्यंत वाट बघत बसा. शिवाय महावितरणच्या बिलावर लवकर भरलं तर थोडी कमी रक्कम असते आणि त्याची तारीख वेगळी छापलेली असते, मला मात्र अ‍ॅप्सचे रिमाइंडर शेवटच्या तारखेच्या हिशोबानेच आले. म्हणून बिलाचा एसएमएस आला की मीच कॅलेंडरमध्ये टाकते.

आता लाइट आणि गॅस बँकेच्या अ‍ॅपवरून, बाकी सगळं एका यूपीआय अ‍ॅपवरून. उरलेली अ‍ॅप्स काढून टाकली, पण काढायच्या आधी प्रत्येकात जाऊन ऑटोपेची यादी उघडली आणि जुने मॅन्डेट रद्द केले, कारण नुसतं अ‍ॅप डिलीट केल्याने मॅन्डेट बंद होत नाही, पैसे कापले जातच राहतात. एकात तर कधीच बंद केलेल्या डीटीएचचा मॅन्डेट अजून चालू होता.