तुम्ही विचारलंत म्हणून: मेकॅनिकलनंतर इलेक्ट्रिकल

“पदवी मेकॅनिकलची, मग एमएस इलेक्ट्रिकलमध्ये कसं? ती चार वर्षं वायाच गेली ना?” शाखा बदलायच्या विचारात असलेली मुलं मला हे हमखास विचारतात.

शेवटच्या वर्षी आमचा प्रोजेक्ट होता, चाकांच्या गाडीवर दांडी उभी तोलून धरायची. गाडी, रूळ, बेअरिंग सगळं छान जमलं, पण दांडी काही केल्या स्थिरावेना. दोष यंत्रात नव्हताच. सेन्सरचा सिग्नल मोटरपर्यंत उशिरा पोचत होता, आणि फीडबॅकला, म्हणजे दांडी किती कलली ते मोटरला कळायला, उशीर झाला की सावरायला दिलेला धक्काच दांडीला आणखी झुलवतो. हे नीट समजून घ्यायचं म्हणून मी इलेक्ट्रिकलमधल्या कंट्रोल सिस्टीम्सकडे, म्हणजे यंत्रणा आपोआप ताब्यात ठेवण्याच्या विषयाकडे, वळलो. अर्जातही तेच लिहिलं. मेकॅनिकलचा कंटाळा आला असं लिहिलं नाही, कारण तो आलाच नव्हता.

वाया काहीच गेलं नाही. वस्तुमान, डॅम्पर (हालचाल मंदावणारा भाग) आणि स्प्रिंगचं जे समीकरण, तेच इंडक्टर, रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या सर्किटचं. फक्त अक्षरं वेगळी. विद्युतचुंबकत्वाचा सिद्धांत मांडणाऱ्या मॅक्सवेलनेच १८६८ मध्ये यंत्रांचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरांच्या स्थैर्यावर निबंध लिहिला. पुढे १९३२ मध्ये नायक्विस्ट या अभियंत्याने फीडबॅक असलेली यंत्रणा स्थिर राहील का हे ओळखण्याचा निकष दिला, तो सिग्नल मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या अभ्यासातून. आज दोन्ही शाखांची मुलं तो शिकतात.

जड गेला तो अंदाज. शाफ्ट पाहिला की तो बारीक आहे हे हिशेबाआधीच जाणवायचं. सर्किटमध्ये मात्र कपॅसिटरचं माप दहा नॅनोफॅरड आलं तर ते जास्त की कमी, हेही कळेना. उत्तर हजारपट चुकलं तरी मनात शंका येत नसे, आणि वर्गातली बाकीची मुलं नुसत्या नजरेने चूक दाखवत. समीकरणं रात्र जागून शिकता येतात. ही नजर यायला मला लॅबमध्ये दीड वर्ष लागलं.

सिग्नल्स अँड सिस्टीम्स आणि प्रोबॅबिलिटी हे पदवीचे विषय मी पहिल्या सत्रात खालच्या वर्गात बसून केले. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. एमएसचा रँडम प्रोसेसेसचा (यदृच्छ बदलणाऱ्या सिग्नलांचा) पेपर त्यांच्याशिवाय मला झेपलाच नसता.

अर्ज करण्याआधी एवढं करा: नव्या शाखेतल्या एमएसच्या पहिल्या विषयाचं पुस्तक घ्या आणि पहिल्या दोन प्रकरणांची उदाहरणं सोडवायला बसा. अडलात तर गणितात अडलात की शब्दांत, ते लिहून ठेवा. शब्द महिन्याभरात अंगवळणी पडतात. गणितात अडला असाल, तर आधी ते विषय करा आणि अर्ज पुढच्या वर्षी करा.