रंधा नंबर चार: पर्पलहार्टचा, आणि त्याचं तुंबलेलं तोंड

मंडळी, शेवटी नंबर चार चालू झाला. मागचं अपडेट टाकून अडीच महिने झाले, मधे पावसाने गॅलरीत बसायची सोयच नव्हती, कोल्हापुरात जुलै म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको, लाकूडच काय माणूसपण फुगतो. ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मी पाच-सहा इंची लाकडी रंधे बनवतोय, एका हातात मावणारे, कडा मारायला आणि छोटे डबे-बिबे फिनिश करायला. नंबर एक शिसवीचा, त्याचे गालच (दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या फळ्या) सुटले. नंबर दोन पडौकचा, चालतो पण उलट्या रेषेवर नेला की थडथडतो. नंबर तीनचं नाव काढू नका, तो सध्या बेडरूमचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली लावलाय.

पर्पलहार्ट नावाचं हे लाकूड मिळालं ते फुकट. ओळखीच्या एकांच्या बंगल्याला आयात लाकडाच्या चौकटी बसत होत्या, तिथे पडलेला तुकडा, अडीच इंच बाय दोन इंच, लांबी दीड फूट. वरून एकदम मळकट तपकिरी, मला वाटलं हे काय घेऊन जायचं. घरी आणून रंधा मारला तर आतून पण भुरकटच, म्हणलं फसलो, आणि मग चार दिवस खिडकीत राहिला तर चक्क वांगी रंग! लाकूड गयाना, सुरीनाम, ब्राझील त्या बाजूचं, ताजं कापलं की असंच मळकं दिसतं, हवा आणि उजेड लागला की जांभळं होतं, आणि फार ऊन खाल्लं की परत तपकिरीकडे जातं. म्हणजे शोभेला ठेवायचा असेल तर कपाटात ठेवा, मग बघणार कोण हा प्रश्न वेगळा. कठीणपणा सागाच्या दुप्पट तरी आहे. करवत मारताना हात भरून येतात आणि ड्रिल तापलं की चिकट डिंकासारखं काहीतरी बाहेर येतं, ते बिटला चिकटून बसतं. हळू चालवायचं, दर अर्ध्या इंचाला बिट बाहेर काढून साफ करायचं.

एक गंमत सांगतो. बाहेरच्या देशातले रंधेवाले ज्याला एक्झॉटिक म्हणून चढ्या भावाने घेतात ते ईस्ट इंडियन रोझवूड म्हणजे आपली शिसवच की, आमच्या आजीच्या पलंगाचे पाय तिचेच होते आणि नंबर एक त्यातल्याच एका पायाचा. अमेरिकेतल्या मावसभावाने विचारलं एक ठोकळा पाठवतोस का, त्याला सांगितलं बाबा 2 जानेवारी 2017 पासून डालबर्जियाच्या, म्हणजे शिसवीच्या कुळाच्या, जवळपास सगळ्या जाती साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमधे आहेत, ओबडधोबड ठोकळा पार्सल करून पाठवायचा नाद नको. आणि शिसव चिकटवायची असेल तर चिकटवायच्या आधी ॲसिटोनने पुसा, लाकूड तेलकट असतं. मी नव्हतं पुसलं. महिन्याभरात दोन्ही गाल सुटून हातात.

आता बनवायची रीत. जेम्स क्रेनॉव्ह या लाकूडकाम करणाऱ्याची पद्धत, म्हणजे ठोकळा पोखरत बसायचं नाही, उभे दोन गाल कापून काढायचे, मधल्या तुकड्यातून पातं ज्यावर टेकतं ती उतरण तिरकी कापायची आणि सगळं परत चिकटवायचं. माझे गाल अडीच सूत (आठ सूत म्हणजे एक इंच), मधला भाग 34 मिमी, पातं 32, म्हणजे दोन्हीकडे एक-एक मिमी मोकळं, पातं बाजूला ठोकून सरळ करायला तेवढं लागतंच. उतरण 50 अंशाला घेतली, 45 ला नाही, कारण मला उलटसुलट रेषेच्या लाकडावर चालवायचाय. चिकटवताना तुकडे घसरतात, क्लॅम्प आवळला की मासोळीसारखे पळतात, त्यासाठी ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना, जो भाग नंतर कापून टाकायचाय तिथे, बारीक भोकं पाडून पनीर टिक्क्याच्या बांबूच्या काड्या घातल्या. एकदम फिट्ट. आडवा दांडा, ज्याच्याखाली पाचर ठोकून पातं घट्ट करायचं, तो 8 मिमी पितळी रॉडचा.

पातं उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमधून, पॉवर हॅकसॉचं तुटकं ब्लेड, पूर्ण एचएसएस (हाय स्पीड स्टील), 2 मिमी जाड. चहाच्या बदल्यात मिळालं. ते आधीच कडक असतं, त्याला भट्टी नाही, पाणी द्यायला नको, ग्राइंडरवर जरा निळं पडलं तरी कडकपणा जात नाही. फक्त आपल्या कुरुंदाच्या दगडावर धार लावायला बसलात तर दिवाळी येईल, डायमंड प्लेट घ्या.

आता मुख्य रडगाणं. सगळं जोडलं, तळ काचेवर 120 चा पॉलिश पेपर लावून घासला (पाचर ठोकलेली ठेवूनच घासायचा बरं का, पातं मात्र आत ओढून, कारण पाचरीच्या दाबाने तळ किंचित वाकतो, पाचर काढून सपाट केलात तर ठोकल्यावर परत वाकडा), आणि सागाच्या पट्टीवर चालवला. पहिला हात झकास. दुसरा पण. तिसऱ्याला तोंड (तळातली फट, जिथून पातं बाहेर येतं आणि पापुद्रा वर जातो) गच्च! काढा पातं, टोकरा काडीने, परत बसवा, परत तीन हात, परत गच्च. मी म्हणलं तोंड लहान झालं असणार, अर्ध्या मिमीचं होतं, कानस घेतली आणि मोठं केलं. परत गच्च. अजून मोठं केलं. असं करत करत सव्वा मिमी झालं, आणि तरी तुंबायचं ते तुंबायचंच. वर तोंड मोठं झाल्यामुळे लाकूड उचकटायला लागलं ते वेगळंच. म्हणजे तेलही गेलं तूपही गेलं.

मग गल्लीतल्या सुतारमामांकडे नेला. सत्तरीच्या पुढचे आहेत, आता काम करत नाहीत, पण हात तोच. त्यांनी रंधा उलटा केला, तोंडातून उजेडाकडे बघितलं आणि म्हणाले, "बाळा, तोंडाला का मारतुयास, पाचर बघ की तुझी." पाचर! मी पाचरीचं खालचं टोक पार तोंडाजवळ नेलं होतं आणि वर ते जाड ठेवलेलं, दोन-अडीच मिमीचा आडवा बुटका माथा. लाकडाचा पापुद्रा पात्यावरून वर चढतो, त्या माथ्याला धडकतो, तिथे चुरगळतो, मागून दुसरा येतो आणि संपलं. मामांनी तिथल्या तिथे पटाशीने टोक तीन सूत मागे घेतलं आणि उरलेलं निमुळतं करून पात्याला असं लावून टाकलं की नख फिरवलं तरी पायरी लागत नाही. पाच मिनिटं. मी दोन रविवार घालवले होते. (पाचर नंबर एकच्या शिसवीतून काढलेली, आजीचा पलंग अजून कामाला येतोय.)

सव्वा मिमीच्या तोंडाचं काय करायचं, तर पट्टी बसवली. तोंडाच्या पुढच्या बाजूला तळात 3 मिमी खोल खाच घेतली, तिच्यात शिसवीचा तुकडा ॲसिटोनने पुसून इपॉक्सीने, यावेळी पुसला हो, आणि मग परत तळ घासत घासत तोंड हळूहळू उघडलं. आता पाव मिमीच्या आसपास आहे. जांभळ्यात काळी पट्टी, लोकांना वाटतं डिझाइन आहे, मी काही बोलत नाही.

थडथड होऊ नये म्हणून उतरणीवर ब्लू मॅचिंग केलं, फिटरलोक करतात तसं. पात्याच्या पाठीला निळा रंग पुसट लावायचा, जागेवर दाबायचं, काढायचं, निळं जिथे उठलं तो उंचवटा, तेवढाच खरवडायचा. माझ्या उतरणीला मधोमध पोट होतं, म्हणजे पातं मधल्या पोटावर डुलत होतं आणि खाली तोंडापाशी अधांतरी. नऊ-दहा वेळा केल्यावर तोंडापाशी आणि वर दांड्याखाली दोन्हीकडे निळं उठलं. नंबर दोनची थडथड पण बहुतेक हेच, त्याचं अजून उघडून बघितलं नाही.

परवा सागावर काढलेला पापुद्रा व्हर्नियरवर 0.04 मिमी आला, त्यातून पेपरातली अक्षरं वाचता येत होती, मी आईला दाखवायला गेलो तर म्हणाली झाडून घे आधी. फिनिश काही नाही, फक्त जवसाचं तेल, दोन हात.

जुलैभर कपाटात होता तरी तळ थोडा हललाय, मोजायची सरळ पट्टी तळाला टेकवून बघितलं तर मागच्या टोकाला कागद सरकतो. आत्ता घासणार नाही, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बघू. तोपर्यंत उरलेल्या सहा इंचात गोल तळाचा छोटा रंधा काढतोय, लाकडी वाटीच्या आतून फिरवायला. तिथे अडलोय ते पात्याच्या गोलाईवर: पातं 50 अंशाला झोपलेलं असताना तळाची गोलाई पात्यावर तशीच्या तशी उतरत नाही, पातं जरा जास्त गोल घासावं लागतं, ते मी सध्या पुठ्ठ्याचा साचा कापून आणि तोंडातून बघत अंदाजाने करतोय. कुणी केलं असेल तर सांगा, आणि फोटो टाका, पाचरीचा आधी.