सॅम्पल बंगल्यातलं उघडं काँक्रीट

नवी मुंबईत वाशी-ऐरोलीकडे सॅम्पल (नमुन्याच्या) बंगल्यात असते तशी उघड्या, म्हणजे प्लास्टर न केलेल्या, काँक्रीटची पश्चिमेची भिंत दिसायला झकास, पण दुपारभर उन्हात तापते आणि तीच उष्णता रात्री खोलीत सोडते. मे महिन्यात इथली रात्रही फारशी गार होत नाही, त्यामुळे एसी चालूच. म्हणून उघडं काँक्रीट आत, सावलीत ठेवा. पश्चिमेला एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) आणि गच्चीवर वॉटरप्रूफिंगच्या वर ५० मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणारा फोमचा बोर्ड).

खाडीच्या खाऱ्या हवेला आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे काँक्रीटची ताकद किमान एम३० ग्रेडची, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत, सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. साच्याच्या प्लायच्या सांध्यांना फोम टेप लावाच, नाहीतर स्लरी (सिमेंटचं पाणी) गळते आणि नेमका तिथेच हनीकोंब (पोकळ, खडबडीत भाग) पडतो. मग मिस्त्री वरून सिमेंट फासतो, तो डाग कायमचा! सिमेंटमध्ये फ्लायअॅश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) असेल तर क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, किमान १० दिवस.