शिकागोत सोळा सप्टेंबर: घरी पोहोचायचं कसं?

शिकागोच्या लूपमध्ये, म्हणजे ऐन मध्यवस्तीत, राहायला येऊन मला दोनच महिने झाले होते. शनिवारी रात्री उपनगरातल्या मैत्रिणीकडून परतताना घरापासून जेमतेम अर्ध्या मैलावर गाडी अडकली. चहूकडे मेक्सिकोचे हिरवे-पांढरे-लाल झेंडे. बॉनेटवर, खिडक्यांत, सनरूफमधून अर्ध्या बाहेर आलेल्या पोरींच्या खांद्यांवर. आणि हॉर्न! पाऊण तासात दोन चौक सरकले.

नाक्यावर पोलिसांनी थांबवलं. आत फक्त तिथे राहणाऱ्यांना आणि कामाला असणाऱ्यांना सोडत होते. लायसन्स दाखवलं, तर त्यावर जुना पत्ता, नेपरव्हिलचा. फोनमध्ये विजेचं बिल शोधेपर्यंत मागे हॉर्नचा कल्लोळ. त्यातले सणाचे किती आणि माझ्या नावाने किती, कळायला मार्ग नव्हता.

लिफ्टमध्ये शेजारच्या सेन्योरा (स्पॅनिशमध्ये बाई) भेटल्या. साठीच्या, मूळच्या मेक्सिकोतल्या हालिस्कोच्या. मी वैतागून म्हटलं, "तुमचा स्वातंत्र्यदिन मे महिन्यात असतो ना?"

"नाही, 16 सप्टेंबरला. 5 मे म्हणजे पुएब्लाची लढाई, 1862 ची, फ्रेंचांशी. उद्या गाडी काढू नका, माझ्याबरोबर चला."

रविवारी पिंक लाइनच्या ट्रेनने जाऊन केडझीला उतरलो आणि चालत 26 व्या रस्त्यावर, लिटल व्हिलेज या मेक्सिकन वस्तीत मिरवणूक बघायला गेलो. लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले. रुंद टोप्यांचे चारो, म्हणजे मेक्सिकन घोडेस्वार, आले. ट्यूबाच्या ठेक्यावर घोडे असे पाय टाकत होते की माणसांच्या नाचाकडे कुणी बघेना. कोपऱ्यावर एलोते घेतलं. कणसाला मेयोनेज, वर चीज आणि तिखट. लिंबू-मीठ लावलेल्या कणसावर वाढलेली मी, बघूनच कसंसं झालं. दुसरं मात्र मीच मागितलं.

त्या वर्षी 15 सप्टेंबर रविवारीच होता, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या रात्रीचा खरा सोहळा त्याच रात्री. 16 सप्टेंबर 1810 ला पहाटे दोलोरेस गावात धर्मगुरू मिगेल इदाल्गोंनी चर्चची घंटा वाजवून लोकांना स्पेनविरुद्ध उठवलं. स्वातंत्र्य हाती यायला 1821 उजाडलं, पण साजरी होते ती हाक. (आपला 15 ऑगस्ट मिळालेल्या स्वातंत्र्याचा; यांचा दिवस नुसत्या सुरुवातीचा. मला हे फार आवडलं.) ती घंटा 1896 पासून मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय प्रासादावर आहे. तिकडे रात्री अकराला राष्ट्राध्यक्ष घंटा वाजवतात, तेव्हा शिकागोत बारा वाजलेले असतात. तोवर आम्ही सेन्योरांकडे पोसोले खात टीव्हीसमोर बसलो. टपोऱ्या मक्याचा, डुकराचं मांस घातलेला तो रस्सा मी दोनदा वाढून घेतला.

राष्ट्राध्यक्ष एकेका वीराचं नाव घेत आणि प्रासादासमोरच्या चौकातून "विवा!" (झिंदाबाद!) उठे. सेन्योरा सोफ्यावरून उठून उभ्या राहिल्या, म्हणून मीही उठले. पहिल्या दोन नावांना गप्पच होते. तिसऱ्याला आवाज फुटला. खाली रस्त्यावर हॉर्न चालूच होते.

सोमवारी सकाळी चहाच्या आधी लायसन्सवरचा पत्ता बदलायचा अर्ज भरला.