भांड्यावर नाव कुणाचं?

सोमवार, रात्री

पुन्हा तेच. साइटवरचं यंत्र दहाव्या दिवशी आपोआप रीबूट झालं. ६४ एमबी रॅमचं छोटंसं लिनक्स यंत्र आहे, विजेच्या मीटरांचं रीडिंग आरएस-४८५ च्या तारेवरून गोळा करून पुढे पाठवतं. लॉगच्या शेवटी कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, ओळ: मेमरी संपली, प्रोसेस मारली. मेलेली प्रोसेस माझी, त्यामागोमाग वॉचडॉगने, म्हणजे प्रोग्राम गप्प झाला की रीबूट करणाऱ्या पहारेकऱ्याने, यंत्रच उठवलं.

आणि मी मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं की व्हॅलग्राइंडखाली (घेतलेली मेमरी परत न करणं, म्हणजे गळती, शोधणारं टूल) एकही बाइट गळत नाही. ते खोटं नव्हतं. रिपोर्ट अजून मेलमध्ये आहे.

मंगळवार

फाइल रिव्ह्यूला टाकली. माझा कोड सहसा कुणी नीट वाचत नाही. पंधरा वर्षं सी भाषेत कोड लिहितोय म्हटल्यावर लोक ‘छान’ लिहून मोकळे होतात. या वेळी ती दोन वर्षांपूर्वी लागलेल्या मुलीकडे गेली. तिची एकच कमेंट: ‘सर, इथून परतलो तर पेलोड कोण फ्री करणार?’

आधी रागच आला. इथे लिहायला हरकत नाही. मग ती ओळ उघडली. फंक्शन फ्रेमसाठी, म्हणजे तारेवरून आलेल्या एका निरोपासाठी, मॅलॉक करतं (मेमरीत जागा मागतं), फ्रेमच्या आत पेलोडसाठी, म्हणजे निरोपातल्या मजकुरासाठी, दुसरा मॅलॉक, मग चेकसम (निरोप वाटेत बिघडला का हे सांगणारा आकडा) तपासतं. चेकसम चुकला की सरळ रिटर्न -१. दोन्ही जागा तशाच पडून, फ्री म्हणजे परत केलेल्याच नाहीत. माझ्या टेस्टमधल्या सगळ्या फ्रेमचे चेकसम बरोबर होते, म्हणजे ती ओळ कधी चाललीच नव्हती. न चाललेल्या ओळीतली गळती व्हॅलग्राइंडला दिसणार कशी?

साइटवर मात्र तार मोटारींच्या शेजारून जाते. मिनिटाला दोनेक फ्रेम बिघडून येतात. दोन्ही जागा मिळून साधारण १ केबी. दिवसाला २,८८० केबी, दहा दिवसांत २८ एमबी. यंत्रात मोकळी होती तीही साधारण तेवढीच. हा हिशेब कॅन्टीनच्या बिलाच्या मागे केला आणि चहा गार होईपर्यंत त्या कागदाकडे बघत बसलो.

घाईघाईत रिटर्नच्या आधी फ्री(फ्रेम) टाकून पॅच पाठवला. पाच मिनिटांत उत्तर: ‘डबा टाकून दिला, आतली वाटी?’ बरोबर. पेलोडचा पत्ता फ्रेमच्या आतच होता. डबा गेला, पत्ताही गेला.

बुधवार

तिने हट्टाने टेस्ट लिहायला लावली: मुद्दाम बिघडवलेल्या शंभर फ्रेम. जुन्या कोडवर व्हॅलग्राइंडने लगेच दाखवलं, शंभर ब्लॉक ‘डेफिनिटली लॉस्ट’ (पत्ताच हरवलेले), शंभर ‘इनडायरेक्टली लॉस्ट’ (ज्यांचा पत्ता हरवलेल्या ब्लॉकच्या आत आहे ते). कालच्या अर्धवट पॅचवर पहिले शंभर गेले आणि आतले शंभर वर चढून ‘डेफिनिटली’ झाले. इतका सरळ पुरावा क्वचित मिळतो.

दुसऱ्या पॅचमध्ये पेलोड आणि मग फ्रेम, दोन्ही सोडले. खालच्या ओळीत लॉग लिहायला मीटर नंबर हवा म्हणून फ्रेममध्येच डोकावलो. सोडलेल्या फ्रेममध्ये. तेही तिनेच धरलं, टेस्ट चालवायच्या आधी, नुसतं वाचून. गळती परवडली, सोडलेल्या जागेतून वाचणं कधी काय करेल सांगता येत नाही.

शेवटी गोटू (कोडमधल्या दुसऱ्या ओळीवर थेट उडी) वापरला. कॉलेजात गोटू म्हणजे पाप असं शिकवलेलं, तिलाही तेच. पण लिनक्स कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्येच हा सल्ला आहे: बाहेर पडायची वाट एकच ठेवा आणि घेतलेलं उलट्या क्रमाने सोडत या. सुरुवातीला दोन्ही पॉइंटर (जागांचे पत्ते) नल, म्हणजे रिकामे, करून ठेवले, कारण नलवर फ्री केलं तर काहीच होत नाही. तिने वाचलं, मान डोलावली. थोडीशीच.

जाता जाता तिने बफ = रीअ‍ॅलॉक(बफ, आकार) अशा चार ओळी दाखवल्या; म्हणजे घेतलेल्या जागेचा आकार बदलणं. रीअ‍ॅलॉक फसला तर नल देतो, जुना ब्लॉक मात्र जिवंत राहतो, आणि त्याचा एकमेव पत्ता आपणच पुसलेला असतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तरी पंधरा वर्षं असंच लिहितोय.

गुरुवार

दुपारी दोघांनी बसून प्रत्येक फंक्शनवर एक ओळ लिहिली: परत मिळालेली जागा कुणी सोडायची. आई नव्या पातेल्यावर आधी नाव घालून आणायची, मगच ते लग्नकार्याला बाहेर जायचं. स्ट्रडपने (मजकुराची नवी प्रत काढून देणारं फंक्शन) दिलेल्या स्ट्रिंगवर असं नाव नसतं, म्हणून ती आमच्याकडे तीन फाइलींतून फिरत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा सोडेल. दोन ठिकाणी कुणीच सोडत नव्हतं. एका ठिकाणी दोघं.

नवा कोड टेबलावरच्या यंत्रात भरला, सोबत बिघडलेल्या फ्रेम ओतणारी स्क्रिप्ट. सकाळी प्रोसेसची रॅम ११,२४० केबी होती. संध्याकाळी सहा वाजता ११,२४०. साडेसातला निघताना पुन्हा पाहिली, तीच. दहा दिवस चालू ठेवायचंय, म्हणून स्विचवर मराठीत चिठ्ठी चिकटवली: ‘मावशी, हे बटण बंद करू नका.’ खाली तिने पेनाने जोडलं: ‘सर, तुम्हीसुद्धा.’